अंतज्ञानी चाहता

कादंबरीवरून निघणाऱ्या अद्भुतपटाचा शेवट काय असेल, यावर चित्रपट लागण्याच्या वर्षभर आधीपासून वाद घालणाऱ्या प्रेक्षकाला अंतज्ञानी चाहता म्हणावे. या वादात उतरायला एकच पात्रता लागते: शेवट आधीपासून ठाऊक असणे. पुस्तक न वाचलेला माणूस ‘पुढे काय होणार?’ असे एकदा विचारतो, तिकीट काढतो आणि जेवायला जातो. ‘बाहुबली’चा पहिला भाग २०१५ साली आला तेव्हापासून २०१७ पर्यंत सारा देश कटप्पाने तलवार का चालवली यावर बोलत होता, पण ते साधे कुतूहल होते, कारण उत्तर कुठेच छापलेले नव्हते. अंतज्ञान्याचे उत्तर त्याच्या कपाटात असते, तेही दोन प्रतींत, आणि त्यातल्या एका प्रतीला तो कोणाला हात लावू देत नाही. तरीही झोप उडते ती त्याचीच.

या जातीच्या अभ्यासाला २०१२ ते २०१४ हा काळ सर्वांत सोयीचा. पीटर जॅक्सनचे ‘द हॉबिट’चे तीन चित्रपट त्या तीन वर्षांच्या डिसेंबरांत आले. मूळ पुस्तक ऑक्सफर्डचे प्राध्यापक जे. आर. आर. टोल्किन यांनी मुलांसाठी लिहिलेले, २१ सप्टेंबर १९३७ रोजी प्रसिद्ध झालेले, १९ प्रकरणांचे. बिल्बो बॅगिन्स नावाचा घरकोंबडा हॉबिट १३ ड्वार्फांबरोबर निघतो आणि स्माउग नावाच्या ड्रॅगनने बळकावलेल्या खजिन्यापर्यंत पोचतो. ड्रॅगन मरतो, खजिन्यावरून पाच सैन्यांची लढाई जुंपते, ड्वार्फांचा राजा थोरिन आणि त्याचे भाचे फिली व किली धारातीर्थी पडतात, आणि बिल्बो घरी येऊन पाहतो तर दारात त्याच्याच सामानाचा लिलाव चाललेला. पाऊणशे वर्षे छापून तयार असलेल्या या शेवटात तर्काला जागा कुठे, असा प्रश्न ज्याला पडतो तो या जातीचा नव्हे.

कोकणात दशावतारी नाटकाला बसलेल्या माणसालाही राक्षस अखेर मरणार हे माहीत असते. म्हणून तर तो मध्येच खुशाल चहा प्यायला उठतो. आपली पाठ फिरताच राक्षस जिंकून बसेल, अशी भीती त्याला वाटत नाही. अंतज्ञान्याला वाटते. पुस्तकात जे घडले ते घडलेच, याबद्दल तो निःशंक असतो. पडद्यावर ते घडू देतील की नाही, याबाबत मात्र त्याचा दिग्दर्शकापासून शिलाईवाल्यापर्यंत कोणावरच भरवसा नसतो.

हा संशय अगदीच निराधार आहे असे म्हणता येत नाही. जॅक्सननेच ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा तिसरा भाग २००३ साली काढला तेव्हा, घरी परतलेले हॉबिट आपल्या गावातून गुंडांना हुसकून लावतात ते अख्खे प्रकरण गाळले होते. त्या चित्रपटाला ११ ऑस्कर मिळाली, पण अंतज्ञान्याने ती मनावर घेतली नाहीत. शिवाय शेवटच्या लढाईत खुद्द खलनायक सॉरॉन अवतरतो आणि नायक अ‍ॅरॅगॉर्नशी तलवारीने दोन हात करतो, असा प्रसंग चित्रितही झाला होता. नंतर सुबुद्धी होऊन सॉरॉनच्या जागी संगणकावर एक ट्रोल बसवण्यात आला. दुसऱ्या भागातल्या किल्ल्याच्या लढाईत नायकाची प्रेयसी आर्वेन हिलाही तलवार देऊन उतरवले होते, मग ती दृश्ये काढून टाकली. म्हणजे संकट दारापर्यंत येऊन परतले होते. त्या दिवसापासून ही जात पहाऱ्यावर आहे.

‘हॉबिट’चे आधी दोनच चित्रपट होणार होते. त्यांचे २६६ दिवसांचे मुख्य चित्रीकरण ६ जुलै २०१२ रोजी संपले आणि त्याच महिन्याच्या ३० तारखेला जाहीर झाले की चित्रपट तीन निघतील. चित्रीकरण उरकल्यावर चित्रपटांची संख्या वाढावी, ही गोष्ट निर्मात्यांना फारशी विचित्र वाटली नसावी; अंतज्ञान्यांच्या घरी मात्र सगळ्या कुंडल्या नव्याने मांडाव्या लागल्या. पहिला भाग कुठे तुटणार, दुसरा कुठे, आणि ड्रॅगन कोणाच्या वाट्याला जाणार?

या प्रश्नावर जातीत दोन घराणी पडली. पहिले नाट्यशास्त्रवाल्यांचे. दुसऱ्या चित्रपटाच्या नावातच स्माउग आहे, तेव्हा त्याने त्याच चित्रपटाच्या अखेरीस मेले पाहिजे, नाहीतर प्रेक्षकाला फसवल्यासारखे होईल, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी कथेच्या चढउताराचे आलेख काढले, तिसरा भाग निव्वळ लढाईचा असेल असे सांगितले, आणि ड्रॅगन पडताच पडदा काळा होईल हेही नक्की केले. दुसरे घराणे भागाकारवाल्यांचे. यांच्याकडे सिद्धान्त नव्हता, फक्त १९ ला ३ ने भागायची तयारी होती. भागाकार येतो सहा आणि एक तृतीयांश. त्यांनी सांगितले की पहिला भाग सहाव्या प्रकरणाशी थांबेल, दुसरा बाराव्याच्या पुढेमागे. नाट्यशास्त्रवाले त्यांना हसले. प्रत्यक्षात पहिला चित्रपट गरुडांनी सुटका केली तिथे, म्हणजे सहाव्या प्रकरणाच्या अखेरीशी थांबला. दुसरा थांबला तो स्माउग डोंगरातून उडून सरोवरातल्या गावाकडे निघाला तिथे, बाराव्या प्रकरणानंतर. पडदा काळा झाला हे खरे, पण ड्रॅगन जिवंत होता आणि पुढचा चित्रपट वर्षभर दूर होता. सौंदर्यशास्त्राच्या इतिहासात भागाकाराचा इतका निर्भेळ विजय क्वचितच नोंदला गेला असेल. त्याचे श्रेय घ्यायला मात्र भागाकारवाले पुढे आले नाहीत, कारण तोवर त्यांनीही नाट्यशास्त्र वाचायला घेतले होते.

अंतज्ञान्याची पुराव्याची साधने पाहण्यासारखी आहेत. ट्रेलर तो पाहत नाही, उलगडतो. दोन मिनिटांच्या तुकड्यावर त्याची एक संध्याकाळ जाते, आणि अर्ध्या सेकंदापुरत्या दिसलेल्या जखमेवरून तो मृताचे नाव सांगतो. खेळण्यांच्या खोक्यावरचे चित्र त्याला राजपत्रासारखे प्रमाण असते, कारण लेगोच्या सेटमध्ये कोणता बाहुला कोणत्या शस्त्रासह येतो हे कारखान्यात फार आधी ठरते. संगीताची ध्वनिमुद्रिका चित्रपटाच्या थोडी आधी बाजारात येते, तिच्यावरची गाण्यांची नावे तो अनुक्रमणिकेसारखी वाचतो. हॉवर्ड शोरच्या तिसऱ्या भागाच्या ध्वनिमुद्रिकेत पहिलेच नाव होते ‘फायर अँड वॉटर’. ते पुस्तकातल्या चौदाव्या प्रकरणाचेही नाव, आणि त्याच प्रकरणात ड्रॅगन मरतो. इथे ज्ञान पक्के होते, आणि तसेच झाले: तिसऱ्या भागाचे शीर्षक पडद्यावर उमटण्याआधीच स्माउग सरोवरात पडला. मरण मात्र वेगळे निघाले. पुस्तकात बार्ड नावाचा धनुर्धर एका पक्ष्याने कानात सांगितलेल्या खुणेवर नेम धरून वाडवडिलांचा काळा बाण सोडतो. चित्रपटात धनुष्य मोडते, आणि बार्ड आपल्या पोराच्या खांद्याचा टेकू करून बाण मारतो. पक्षी गेला याचे दुःख अंतज्ञान्याने आधीच सोसले होते. पोराच्या खांद्याची मात्र कोणत्याही खोक्यावर पूर्वसूचना नव्हती.

तिसऱ्या भागाचे नावही एप्रिल २०१४ मध्ये बदलले. ‘देअर अँड बॅक अगेन’ या पुस्तकाच्याच उपशीर्षकाऐवजी ‘द बॅटल ऑफ द फाइव्ह आर्मीज’ आले. नाव बदलले म्हणजे बिल्बोचे घरी परतणे कापणार, असा निष्कर्ष काहींनी त्याच रात्री काढला आणि लिलावासाठी सुतक पाळले. पुस्तकात लढाईचा निकाल लागतो तेव्हा बिल्बो डोक्यात दगड लागून बेशुद्ध पडलेला असतो. लढाई कशी संपली हे त्याला मागाहून सांगितले जाते. दोन-चार पानांत आटोपलेल्या या लढाईला जॅक्सन किती वेळ देणार, यावर झालेल्या चर्चेत कोणीही पुरेसा मोठा आकडा सांगितला नाही, असे आता म्हणायला हरकत नाही.

सर्वांत जास्त शाई टॉरिएलवर सांडली. ही वनातली एल्फ स्त्री टोल्किनच्या कोणत्याही पानावर नाही. चित्रपटवाल्यांनी ती घडवली आणि किलीवर तिचे मन बसवले. लेगोलसही ‘हॉबिट’च्या पुस्तकात नाही, पण त्याला निदान पुढच्या पुस्तकाचा, म्हणजे ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा, रहिवासी दाखला होता. आपण ही भूमिका प्रेमाचा त्रिकोण नसावा या अटीवर घेतली होती, असे ईव्हँजलिन लिलीने मुलाखतींत सांगितले आहे. त्रिकोण नंतरच्या चित्रीकरणात शिरला. आता पेच असा होता की पुस्तकात किली मरतो आणि टॉरिएल पुस्तकात नाही. जी पुस्तकात नाही ती पुढच्या कथेत दिसत नाही, जी पुढे दिसत नाही ती मेलेली असणार, आणि मरायची तर किलीच्या शेजारी मरणार: असा बिनतोड न्याय बहुतेकांनी मांडला. उरलेल्यांना उलटी भीती होती की एवढा देखणा नट मारायला निर्माते धजावणार नाहीत आणि किलीलाच जगवतील. शेवटी किली मेला, फिली मेला, थोरिनही मेला, टॉरिएल जगली. पुढे तिचे काय झाले ते चित्रपट सांगत नाही. तर्काचा हा एकमेव विषय पुस्तकाबाहेरचा होता, आणि त्याचाच निकाल अजून लागलेला नाही.

घरात आणि मित्रमंडळींत हा मनुष्य निरुपद्रवी असतो, पण त्याच्या शेजारी बसणे कठीण. नवख्यापुढे शेवट फोडायचा नाही, ही त्याची शपथ असते आणि ती तो शब्दशः पाळतो. फक्त नवखा ‘मला किली आवडतो’ म्हणाला की तो खिडकीबाहेर पाहत सुस्कारा सोडतो. ‘फिली पण’ म्हटल्यावर दुसरा. थोरिनचे नाव निघाल्यावर तो उठून पाणी प्यायला जातो. अशा रीतीने एक अक्षरही न बोलता तो तीन जणांच्या मृत्यूची वार्ता देतो. चित्रपटगृहात तो पुढच्या संवादाच्या क्षणभर आधी श्वास घेतो, आणि पुस्तकाबाहेरचे काही दिसले की शेजाऱ्याच्या बरगडीत कोपर जाते.

या जातीची नाडी आजवर एकदाच कोणी अचूक ओळखली. ‘ट्वायलाइट’ मालिकेचा अखेरचा चित्रपट नोव्हेंबर २०१२ मध्ये आला. स्टेफनी मेयर यांच्या कादंबरीत व्हँपायरांच्या दोन्ही बाजू बर्फात समोरासमोर येतात, बोलतात आणि लढाईशिवाय परत जातात. चित्रपटात बोलता बोलता नायकाच्या बाजूच्या कार्लाइलचे मुंडके उडाले. ज्यांनी पुस्तक वाचले नव्हते ते लढाई बघत शांतपणे पॉपकॉर्न खात राहिले; किंकाळ्या फोडल्या त्या पाठांतर झालेल्यांनी. बऱ्याच प्रेतांनंतर उघड झाले की ही सगळी भविष्य दिसणाऱ्या अ‍ॅलिसने शत्रूला दाखवलेली भविष्याची झलक होती, आणि शेवट पुस्तकातलाच. खुद्द लेखिका त्या चित्रपटाची एक निर्माती होती, त्यामुळे तक्रार कोणाकडे करायची हेही कळेना.

मूळ ग्रंथाचे पावित्र्य हा अंतज्ञान्याचा शेवटचा बुरूज. त्याच्याही पायथ्याशी थोडी भुसभुशीत जमीन आहे. १९३७ च्या आवृत्तीत गुहेत भेटलेला गोलम आपली जादूची अंगठी बिल्बोला पैजेचे बक्षीस म्हणून खुशीने द्यायला निघतो. पुढच्या कथेशी ते जुळेना म्हणून टोल्किननी ते प्रकरण बदलले आणि १९५१ च्या आवृत्तीपासून आजचा खुनशी गोलम आला. ड्रॅगनला बिल्बोनेच भोसकावे, असा बेतही त्यांच्या सुरुवातीच्या टिपणांत होता. म्हणजे शेवटाविषयी तर्क करणाऱ्यांत पहिला क्रमांक लेखकाचाच लागतो. हा मुद्दा काढला की अंतज्ञानी घड्याळाकडे बघतो.

चित्रपट लागला की हिशेब होतो. जे भाकीत खरे ठरले ते त्याने केलेले असते; जे चुकले तिथे दिग्दर्शक चुकलेला असतो. लिलाव पडद्यावर आला, म्हातारा बिल्बो आणि दारावर जादूगार गँडाल्फची थाप येऊन कथा आधीच्या चित्रपटमालेला जोडली गेली, हे दोन्ही त्याने सांगितले होते, आणि सांगितल्याचे तो पुन्हा सांगतो. बेऑर्न हा माणूस अस्वलाच्या रूपात पुस्तकातली लढाई फिरवतो आणि शत्रूचा सरदार बोल्ग याला चिरडतो. चित्रपटात तो गरुडावरून उडी टाकतो आणि काही सेकंदांत दिसेनासा होतो, बोल्गला लेगोलस मारतो. हे खाते बुडीत. थोरिनचा दफनविधी आणि त्याच्या छातीवरचे आर्केनस्टोन नावाचे रत्न चित्रपटगृहात दिसलेच नाही. त्यावर त्याने विस्तारित आवृत्तीत ते असणार असे जाहीर केले, आणि २०१५ च्या नोव्हेंबरात २० मिनिटांनी वाढलेल्या त्या आवृत्तीत ते खरोखर होते. त्याने तो प्रसंग घरच्यांना तीनदा मागे नेऊन दाखवला. मग पूर्ण १६४ मिनिटे पुन्हा पाहिली, या वेळी टॉरिएलसाठी. ती कुठे गेली ते तिथेही नव्हते, म्हणून श्रेयनामावली संपेपर्यंत त्याने दिवा लावू दिला नाही.