बाल्कनी रिकामी, पुण्य जमा

बोईसरजवळच्या बेटेगावच्या आसपास बुलेट ट्रेनचं स्थानक येतंय, गृहसंकुलं आधीच आली आहेत. मग सायकलदान मागे कसं राहील? दिवाळीची साफसफाई निघाली की बाल्कनीतली गंजकी सायकल बघून लोकांना एकदम 'गरजू मुलं' आठवतात. भंगारवाला तिचा किलोवर भाव सांगतो. त्या अपमानापेक्षा पुण्य बरं.

आता दानाची वस्तू जवळून बघा. ट्यूब सडलेली. ब्रेकचे गुटके इतके झिजलेले की लोखंड थेट रिमला घासतंय. चेन आखडलेली, सीटमधून स्पंज डोकावतोय. चाकं बारा इंची आणि घेणारी पोरगी नववीत! टायर-ट्यूब, गुटके, मजुरी असा हिशेब मांडला, तर हे दान स्वीकारायला घरात एक पगार हवा. दानाचा फ्लेक्स तेवढा नवाकोरा, सायकलीहून लांब.

सरकार मात्र अगदीच अरसिक. मानव विकास कार्यक्रमात १२५ तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकलीसाठी चक्क पैसे देतं. नवी सायकल, तीही मुलीच्या उंचीची! यात कुणाची बाल्कनी रिकामी होणार?

दात्यांसाठी एकच अट घालावी. सायकल आधी स्वखर्चाने दुरुस्त करायची आणि चिल्हार रस्त्यावरच्या कंटेनर-टँकरांच्या गर्दीतून स्वतः चालवत बोईसर स्टेशनपर्यंत न्यायची. ब्रेक लागले, तर फोटो आम्ही काढू.