कृषी केंद्राच्या गादीवरील धन्वंतरींस



नाडी न बघता रोग सांगण्याची तुमची विद्या थोर. परवा मी पिशवीत पऱ्हाटीची फुलं-बोंडं घेऊन आलो. तुम्ही पिशवी उघडलीसुद्धा नाही. डोळे मोबाइलात, हात फळीवर. "तुडतुडे. सगळीकडं तेच चाललंय." लगेच दोन बाटल्या, वर एक टॉनिक, आणि वहीत उधारी.

तुडतुडे पानातला रस शोषतात, मग पानाच्या कडा मुरडतात, लाल पडतात. पिशवीत पान एकही नव्हतं, महाराज!

होत्या त्या डोमकळ्या. आतल्या अळीनं पाकळ्या धाग्यांनी बांधून टाकलेल्या, त्यामुळे फूल उमलतच नाही. आणि बोंडं, वरून हिरवीगार. अळी कोवळ्या बोंडात शिरली की मागचं भोक बुजून जातं. फोडल्याशिवाय कुणाच्या बापाला कळत नाही. घरी विळ्यानं एक चिरलं. कप्प्याच्या पडद्याला बारीक भोक, रुई पिवळी, दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या आणि त्यांच्यात करंगळीच्या नखाएवढी गुलाबी अळी, खुशाल. तुमची बाटली रसशोषक किडींची. आणि दुसरी कुठली असती, तरी आत बसलेल्या अळीला वरच्या फवाऱ्याचं काय सोयरसुतक?

बियाणं कंपन्यांना आज सोडतो. २००६ साली दोन जनुकांचं बीटी आलं, तेव्हा बोंडअळीची चिंता मिटली म्हणत होते. डिसेंबरनंतरही फरदड उभी ठेवून अळीला पोसणारे आमचे भाऊबंदही काही कमी नाहीत.

पण "दोन-तीन औषधं एकत्र मारा, रिझल्ट येतो" हे तुम्ही चहा पितापिता सांगता ना, तिथं माझं डोकं फिरतं. २०१७ साली ह्याच अळीनं विदर्भाची कपाशी खाल्ली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या आसपास माणसं गेली. शेतकरी आणि मजूर. दुकानदार एकही नाही. पंप तुमच्या पाठीवर नसतो!

तुमचंही कळतं मला. कृषी सहायकाच्या गळ्यात इतकी गावं की तो हंगामात एकदा दिसला तरी पुष्कळ. रात्री आठला उघडं असतं ते तुमचंच दुकान, उधार मिळतं तेही तिथंच. टार्गेट कंपनीचं, बुडीत उधारी मात्र तुमची. माझं बोंड किडलं की तुमची वहीही किडते.

म्हणून सांगतो, काउंटरवर एक चाकू ठेवा. शेतातून फिरून २० हिरवी बोंडं तोडायची, फोडायची. दोनात जिवंत अळी निघाली तर फवारणीची वेळ झाली. किंवा कामगंध सापळ्यात सलग ३ रात्री आठ-आठ पतंग अडकले तर. सापळे तुमच्या दुकानात दिसत नाहीत. त्यात सुटत काय असणार म्हणा!

बाटल्या न उघडता परत पाठवल्या आहेत, टॉनिकसकट. खात्यातून रक्कम तेवढी कमी करा. आणि रागावून पुढच्या हंगामाची उधारी तोडू नका. दुसरं दुकान तालुक्याला आहे, आणि तिथं रोख पैसे लागतात.

आपला,
वहीतला एक खातेदार