दारुडा इतका गोड कसा?

कार्टूनमधला दारुडा कधी बायकोला मारत नाही. पगार उडवत नाही, ओकत नाही, रात्री दोन वाजता दार बडवत नाही. तो झोकांड्या खातो, त्याचं नाक लाल होतं, तो उचकी देतो आणि मुलं खिदळतात. माझा राग आहे तो या उचकीवर. पडद्यावर बाटली दिसली म्हणून मी ओरडत नाही. बाटली मुलांना गल्लीच्या कोपऱ्यावरही दिसते.

'टॉम अँड जेरी'चा 1947 सालचा 'पार्ट टाइम पाल' हा भाग पाहा. जेरीला फ्रिजपासून लांब ठेवण्याचं काम टॉमवर आलेलं असतं. पाठलाग करताना तो तळघरातल्या सायडरच्या पिंपात पडतो, तर्र होतो आणि थेट जेरीच्या गळ्यात गळा घालतो. शुद्धीत असलेला टॉम मारायला धावतो, प्यालेला टॉम जिवलग मित्र होतो. पाच वर्षांच्या पोराने यातून काय घ्यायचं?

'डम्बो' (1941) मला त्याहून जास्त बोचतो. डम्बो या हत्तीच्या पिल्लाच्या आईला कोंडून ठेवलेलं आहे. गजांमधून बाहेर आलेल्या तिच्या सोंडेत झुलून पिल्लू परत निघतं आणि रडून रडून त्याला उचकी लागते. टिमथी उंदीर म्हणतो, पाणी पी. त्या पाण्यात विदूषकांची शॅम्पेनची बाटली पडलेली असते. पिल्लू पितं, आणि रडण्याची उचकी बघता बघता नशेची उचकी होते. सोंडेतून फुगे निघतात, मग गुलाबी हत्तींचा तो प्रसिद्ध नाच. सकाळी दोघं झाडाच्या फांदीवर जागे होतात आणि कळतं की डम्बोला उडता येतं! चित्रकारी अप्रतिम आहे, त्यात वाद नाही. पण आईसाठी रडणाऱ्या लेकराला दारू पाजायची, त्यावर हशा वसूल करायचा आणि वर बक्षीस म्हणून त्याला आभाळ द्यायचं, हे मला आजही पचत नाही.

'डम्बो' काढणाऱ्या याच डिस्नेने वर्षभर आधी 'पिनोकिओ'त बिअर पिणाऱ्या आणि सिगार ओढणाऱ्या पोरांची गाढवं केली होती. धाक भडक होता, पण पिण्यानंतर काहीतरी होतं एवढं तरी त्यात होतं.

1999 साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एक पाहणी आली. 1937 ते 1997 या काळातले, सगळ्या वयांसाठी खुले असलेले 50 अ‍ॅनिमेशनपट तपासले होते. निम्म्यांत दारू होती. आणि चांगली पात्रं वाईट पात्रांइतकीच पिताना दिसली. माझ्या मते खरी गोम इथे आहे. खलनायकाच्या हातातला पेला मूल विसरेल, लाडक्या पात्राच्या हातातला विसरणार नाही.

"मुलांना काय कळतंय त्यातलं?" असं म्हणणाऱ्यांनी एकदा शाळेच्या गॅदरिंगला जावं. दुसरीतला मुलगा हातात रिकामी बाटली घेऊन डुलत येतो, एक उचकी देतो आणि सभागृह डोक्यावर घेतलं जातं. आया मोबाइल वर करून शूटिंग करतात. त्याच सभागृहात एखादं मूल असं बसलेलं असतं, ज्याला बापाच्या चपलांच्या आवाजावरून कळतं की आज किती झाली आहे. तेही सगळ्यांबरोबर हसतं. हसावंच लागतं त्याला.

मग यावर उपाय काय, कात्री? अमेरिकेत 'टिनटिन' हे कॉमिक छापताना त्यातल्या कॅप्टन हॅडॉकने बाटली तोंडाला लावलेली चित्रं कोरी केली होती, मजकूर मात्र तसाच ठेवला. मोठ्यांचं समाधान झालं, एवढंच. आपल्याकडे पडद्याच्या कोपऱ्यात इशाऱ्याची ओळ येते. जे पोर अजून अक्षरं जुळवतंय, त्याने ती कशी वाचावी?

कात्री चालते ती नेमकी भलत्याच जागी. 1991 साली 'टायनी टून अ‍ॅडव्हेंचर्स'मध्ये 'वन बिअर' नावाचा छोटा भाग आला. बस्टर आणि त्याचे दोन मित्र मिळून एकच बिअर पितात, पोलिसांची गाडी पळवतात, कड्यावरून कोसळतात आणि मरतात. हा भाग पुढे पुन्हा दाखवायचाच बंद केला. उचकी देणाऱ्या टॉमला परवानगी, मरणाऱ्या बस्टरला बंदी! मुलांच्या वाहिन्यांनी टॉम खुशाल दाखवावा, पण त्याच आठवड्यात 'वन बिअर'ही दाखवावा.

आणि शाळांना एक विनंती. डिसेंबरात गॅदरिंगच्या तालमी सुरू होतील. या वर्षी नाटुकल्यातून दारुडा काढून टाका. हशा कमी पडला तर पडू द्या.