बासष्टाव्या प्रकरणास अनावृत पत्र

ब्रिस्टल, इंग्लंड

श्रीमंत जकात-दरपत्रक, प्रकरण बासष्टावे, यांचे सेवेशी कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

स्वेटर-गंजीफ्रॉकांच्या विणीची वस्त्रे आपले ज्येष्ठ बंधू एकसष्टावे प्रकरण यांच्या दफ्तरी आणि मागावरच्या कापडाची वस्त्रे आपल्या दफ्तरी, अशी जी वाटणी 1988 साली अमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाने करून दिली, तिच्या बळावर आज दोनशेहून अधिक मुलखांच्या नाक्यांवर आपली सत्ता चालते. ब्रिटनने 2021 च्या आरंभी युरोपपासून चूल वेगळी मांडली तेव्हाही काही दरांचे अपूर्णांक तेवढे छाटले गेले, बहुतेक कपड्यांवरचा शेकडा 12 चा दर मात्र जागचा हलला नाही.

आपल्याविषयी मला सर्वाधिक आदर वाटतो तो लिंगनिर्णयाच्या बाबतीत. पुढून बंद होणाऱ्या ज्या वस्त्राची डावी बाजू उजवीवर येते ते पुरुषाचे, उजवी डावीवर येते ते स्त्रीचे, बेतण्यावरून उघड उलटे दिसत असेल तर गोष्ट निराळी. आणि इतके करूनही ज्याचा निकाल लागत नाही ते वस्त्र, आपल्या टीपेनुसार, स्त्रियांच्याच सदरी जमा. येथील कॉलेज ग्रीनवर राजा राममोहन रॉय यांचा पुतळा 1997 पासून उभा आहे, कारण 1833 च्या सप्टेंबरात याच शहरी त्यांनी देह ठेवला. सतीची चाल बंद व्हावी म्हणून झिजलेल्या त्या थोर पुरुषाचा पायघोळ अंगरखा उद्या धन्यावाचून एखाद्या नवख्या कारकुनाच्या मेजावर आला आणि त्याची बाजू उमगली नाही, तर तो निमूटपणे स्त्रीवस्त्रांत दाखल होईल. राजांनी हरकत घेतली असती असे मला वाटत नाही.

परंतु आमच्या लुगड्यापाशी आपले शास्त्र अडखळते. कापड हे ‘तयार वस्तू’ केव्हा होते, तर, आपल्या खंडाच्या सातव्या टीपेप्रमाणे, त्याची कड दुमडून शिवली वा वळली, अथवा टोकाला गाठी मारलेल्या दशा सोडल्या म्हणजे. नुसते धागे सुटू नयेत म्हणून साधे टाके घातले असतील तर ते कापडच. अर्थात मागावरून उतरलेली सुती नऊवारी काठपदरासकट केवळ कापड, दर शेकडा 8. तीच दादरच्या एखाद्या जिन्याखालच्या पिको-फॉलवाल्याच्या हातून गेली, किंवा हौशी मामींनी पदराला गोंडे गाठले, की ती बावन्नाव्या, म्हणजे सुती कापडाच्या, प्रकरणाचे माहेर सोडून आपल्या उंबरठ्यावरचे माप ओलांडण्यास, आणि शेकडा 12 भरण्यास, पात्र होऊ पाहते. पिको म्हणजे वळलेली कड की साधे टाके, यावर दोन शास्त्री एका वर्षात एकमत होतील तर मी हरलो. मागावरच वापरास सिद्ध झालेली वस्तूही ‘तयार’, असे त्याच टीपेत अन्यत्र म्हटले आहे खरे. पण नेसणारीने निऱ्या घालून कासोटा खोचल्यावाचून लुगडे सिद्ध होते, हे आमच्या घरी कोणी मान्य करणार नाही. ज्या आज्यांनी उभ्या जन्मात फॉल लावला नाही त्या आयुष्यभर बावन्नावे प्रकरण गुंडाळून हिंडल्या असे समजावे काय? भारताच्या दरपत्रकाने शहाणपणा केला: साडीला सुती आणि रेशमी कापडांच्या प्रकरणांत नावानिशी ओळ दिली आणि वाद मिटवला.

याहून बिकट शिवलेली नऊवारी. गणेशोत्सवात लेकी-सुना ती विजारीसारखी पायांतून चढवतात, पुढे निऱ्या, मागे कासोटा, वर पदर. ती झगा म्हणावी, दुभागलेला घागरा म्हणावी की विजार? या तिन्ही संज्ञा 6204 या एकाच क्रमांकाखाली त्याच क्रमाने बसतात, आणि या तिघांतच पेच पडून दुसरा कोणताही नियम लागू झाला नाही, तर जे क्रमाने शेवटी येते ते खरे, असे आपले शासन आहे; म्हणजे विजार. दर तिन्हींचा एकच, शेकडा 12, तेव्हा हा सारा खटाटोप द्रव्यासाठी नसून निव्वळ ज्ञानासाठी आहे हे ध्यानी घेऊन मी मान लववतो. 24 जुलै 2025 रोजी भारत आणि ब्रिटन या उभय सरकारांनी ज्या करारावर सह्या केल्या त्यात आमच्या कपड्यांना जकातमाफीचे अभिवचन आहे, पण माफीसाठीही आधी क्रमांक सांगावा लागतोच.

पूर्वी या देशाचे काम सोपे होते. 1719 साली लंडनचे विणकर स्त्रियांच्या अंगावरचे छिटाचे झगे भर रस्त्यात फाडीत, आणि 1721 च्या कायद्याने छापील सुती कापड अंगावर घालणेच गुन्हा ठरवले. 1774 पर्यंत चाललेल्या त्या कायद्याला कासोट्याचा विचार कधी करावा लागला नाही. येथल्या क्वीन स्क्वेअरमधले जकातघर 1831 च्या दंग्यात जळाले, मात्र त्या दंग्याचे कारण मताधिकार होते, वर्गीकरण नव्हे, हे आपल्या समाधानार्थ नमूद करतो.

सबब अर्ज असा की, तीन वर्षे बंधनकारक राहणारा आपला आगाऊ निर्णय मिळावा. नमुना पाठवण्यास तयार आहे. मेज नऊ वार लांबीचे असावे, आणि निऱ्या घालू जाणणारी एक बाई हजर ठेवावी.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला आज्ञाधारक,
एक ब्रिस्टलवासी

ता. क. नमुन्यादाखल सोबत सहावारीही पाठवीत आहे. तिच्या शेवटी ब्लाउजपीस जोडलेलाच आहे. तो अद्याप कापलेला नाही, आणि त्याची हुकपट्टी कोणत्या बाजूवर कोणती येणार, हे शिंप्यालाही ठाऊक नाही.