वायरमनची वहिवाट

कुळकर्ण्यांची वतने मुंबई राज्याच्या १९५० च्या कायद्याने खालसा झाली, आणि दफ्तरातील मोडी कागद आपल्याखेरीज अन्य कोणास उलगडू नये याची पिढ्यान्‌पिढ्या दक्षता घेणारी एक विद्या लयास गेली, असे ज्यांना वाटत असेल त्यांनी एकवार आमच्या इमारतीच्या जिन्याखालील मीटरबोर्डाचे दार उघडून पाहावे. त्या विद्येने लेखणी टाकून पक्कड धरली आहे इतकेच; विद्यमान वतनदारास आम्ही ‘मिस्त्री’ म्हणतो.

शास्त्र पाहू जाता प्रकरण सरळ आहे. तीन फेजांना लाल, पिवळा व निळा, न्यूट्रलला काळा आणि अर्थिंगला हिरवा, असा आपल्याकडचा रूढ दंडक. फेज व न्यूट्रल यांच्यामध्ये २३० व्होल्ट, तर दोन फेजांमध्ये ४००. मागाहून येणाऱ्या परक्या माणसाने हात घालण्यापूर्वी तारेचा स्वभाव तिच्या वस्त्रावरून ओळखावा, हा त्यातील हेतू. मिस्त्रींच्या अमलात मात्र तारेचा रंग, आदल्या कामावरच्या नव्वद मीटरच्या गुंडाळीतून काय उरले, यावर ठरतो. सबब आमच्या दुसऱ्या मजल्यावर फेज काळी व न्यूट्रल निळी आहे, तिसऱ्यावर फेज निळी व न्यूट्रल लाल आहे, आणि दारावरच्या घंटेची बारा व्होल्टांची गरीब तार पंपाच्या दांडग्या तारांच्या पंक्तीस, त्यांचाच पोशाख करून, बिनदिक्कत बसली आहे. याविषयी पृच्छा करावी तर ‘४४० व्होल्ट धोका’ या कवटीच्या पाटीवर सदरा अडकवून दातांनी तार सोलीत असलेले मिस्त्री क्षणभर तोंड मोकळे करून म्हणतात, “साहेब, करंटला काय रंग दिसतो?”

गतवर्षी मिस्त्री गणपतीला म्हणून पाच दिवस कोकणात गेले ते अकरा दिवस राहिले, आणि नेमक्या त्याच मुदतीत मीटरबोर्डाने पेट घेतला. कमिटीने पाचारण केलेला तरुण आय.टी.आय.मधून नुकताच बाहेर पडलेला व रंगांवर निस्सीम श्रद्धा ठेवणारा होता. त्याने पंपाच्या तारा रंगाबरहुकूम जोडल्या, तो दोन फेजांची अदलाबदल होऊन मोटर उलटी फिरू लागली. आवाज यथास्थित येई, टाकीत पाणी तेवढे येईना. पुढे त्याने तिसऱ्या मजल्याची लाल तार लाल फेजला आणि निळी निळ्या फेजला जोडली. त्या सायंकाळी त्या मजल्यावरचे दिवे जन्मात प्रकाशले नव्हते इतके प्रकाशले, आणि मग एकामागून एक कायमचे विझले. कायदा पाळणारा असा आरोपी ठरला. वहिवाटवाले मिस्त्री परतले, टेस्टर टेकवीत त्यांनी घटकाभरात सारे पूर्ववत केले, आणि तिसऱ्या मजल्याने त्यांना आदराने चहा पाजला.

तरीही आमच्या सेक्रेटरींनी, जे सरकारी नोकरीतून निवृत्त झाले असले तरी परिपत्रकांतून झालेले नाहीत, मिस्त्रींना समोर बसवून सुनावले की, विलायतेने २००४ साली रंग पालटले तेव्हा जुन्या-नव्या तारा एकत्र असतील तिथे इशाऱ्याची चिठ्ठी लावण्याचा दंडक घातला. तुम्हीही तजवीज करा.

“काय पालटलं त्यांनी?” मिस्त्रींनी विचारले.

“फेजला तपकिरी, काळा, करडा; न्यूट्रलला निळा.”

मिस्त्री क्षणभर स्तब्ध राहिले. मग त्यांची मुद्रा उजळली. “म्हणजे विलायत आता आपल्या दुसऱ्या मजल्यावर आली म्हणा की!”

चिठ्ठी मात्र त्यांनी हुकमाप्रमाणे दुसऱ्याच दिवशी लावली. मीटरबोर्डाच्या दारावर ती अजून आहे. तीवर मिस्त्रींचा मोबाइल नंबर आहे.