आधी हप्ता, मग हँडल

अमेरिकेत मोटरसायकल घ्यायला निघालेला मराठी माणूस पहिल्यांदा सीसी विचारतो, मग ॲव्हरेज, मग महिन्याचा ईएमआय. विम्याचं नाव निघतं ते शोरूममध्ये, कागदांवर सह्या सुरू झाल्या आणि चावी टेबलावर आली की. त्या घटकेला हप्ता ऐकून कुणीही उठून जात नाही. म्हणून क्रम उलटा करा. जुनी गाडी अपघातात ‘टोटल’ झाली, म्हणजे दुरुस्त करणं परवडेनासं झालं असेल, कंपनीने तिच्या आजच्या किमतीचा चेक हातावर ठेवला असेल आणि तेवढ्यात बसणारी मधल्या ताकदीची दुसरी गाडी शोधत असाल, तर मग आधी हप्ता विचाराच.

सीसीचं भूत आपल्या मानगुटीवर बसलंय त्याला कारण आहे. भारतात थर्ड पार्टीचा हप्ता सरकार ठरवतं आणि दुचाकीला तो सीसीवर लागतो. जून २०२२ पासूनचा दर असा: १५० ते ३५० सीसीला वर्षाला १,३६६ रुपये, ३५० च्या वर २,८०४. गाडी सोलापूरची असो की सानपाड्याची, मालक विशीतला असो की साठीतला, आकडा तोच. अमेरिकेत असा तक्ता नाही. इथे प्रत्येक कंपनी आपलं गणित मांडते. त्यात सीसी असते, पण तिच्या शेजारी गाडीचा प्रकार असतो, तुमचा झिप कोड असतो, वय असतं आणि लायसन्सवर मोटरसायकलची मान्यता किती वर्षं आहे हेही असतं. पुण्यात दहा वर्षं स्प्लेंडर चालवली, हा अनुभव बहुतेक ठिकाणी धरलाच जात नाही. बऱ्याच राज्यांत तुमचा क्रेडिट स्कोअरसुद्धा या गणितात घुसतो. कॅलिफोर्निया, मॅसॅच्युसेट्स आणि हवाई यांनी त्याला मज्जाव केला आहे. इतरत्र नुकताच एच-१बी वर आलेला, क्रेडिटचा इतिहास नसलेला मुलगा एकही चूक न करता जास्त पैसे मोजतो. हे मला उघड उघड अन्यायाचं वाटतं.

सीसी किती फसवी असते ते पाहा. रॉयल एन्फिल्डची इंटरसेप्टर ६४८ सीसीची. (अमेरिकेत तिला ‘आयएनटी ६५०’ म्हणावं लागतं, कारण इंटरसेप्टर हे नाव इथे होंडाकडे आहे.) तिची ताकद ४७ हॉर्सपॉवर. एप्रिलिया आरएस ४५७ ची सीसी जवळजवळ दोनशेने कमी, ताकद मात्र तीच ४७. आता सुझुकीकडे बघा. एसव्ही ६५० मध्ये ६४५ सीसी आणि पंचाहत्तरच्या आसपास हॉर्सपॉवर. त्याच कंपनीची जीएसएक्स-आर ६०० ही सीसीने तिच्याहून लहान, ५९९ ची, पण ताकद शंभराच्या बरीच पुढे. भारतातल्या तक्त्यात या चारही गाड्या एकाच खणात. अमेरिकेत जीएसएक्स-आरचं नाव काढलं की हप्ता उडी मारतो, आणि त्यात कंपनीचा कावा नाही. महामार्ग सुरक्षेचा अभ्यास करणाऱ्या आयआयएचएस या संस्थेने दाखवून दिलंय की सुपरस्पोर्ट गाड्या चालवणाऱ्यांचा मृत्युदर इतर प्रकारच्या मोटरसायकलवाल्यांच्या सुमारे चौपट आहे. ही नुसती हप्त्याची बाब नाही. विशीतल्या मुलाने पहिल्या वर्षी सहाशेची सुपरस्पोर्ट घेऊ नये, आणि आईवडिलांनी तिच्या कर्जावर सहीही करू नये.

परवा न्यू जर्सीहून भाच्याचा फोन आला. “मामा, दोन्ही आपल्याच जिल्ह्यातल्या. चाकणची घेऊ की बारामतीची?”

प्रश्न खराच आहे. ट्रायम्फ हे नाव ब्रिटिश, पण स्पीड ४०० बनते चाकणला, बजाजकडे. एप्रिलिया हे नाव इटालियन, पण आरएस ४५७ निघते बारामतीच्या पियाजिओच्या कारखान्यातून. दोन्ही समुद्र ओलांडून अमेरिकन शोरूममध्ये उभ्या राहिल्या. २०२४ मध्ये इथे आल्या तेव्हा स्पीडची किंमत ४,९९५ डॉलर आणि आरएसची ६,७९९ डॉलर होती. पुणे जिल्ह्यात बनलेली गाडी अमेरिकेच्या रस्त्यावर दिसली की माझाही ऊर भरून येतो. पण ऊर भरून आला म्हणून विमा कंपनी हप्ता कमी करत नाही. मी भाच्याला म्हटलं, “बाळा, दोन्हींचा व्हीआयएन नंबर घे आणि तीन कंपन्यांना फोन कर. झिप कोड तोच, कव्हर तेच, डिडक्टिबल तेच. मग मला आकडे सांग.” सतरा अक्षरांचा तो नंबर डीलर विकण्याआधीही देतो. तो न घेता नुसत्या मॉडेलच्या नावावर काढलेला अंदाज कच्चा असतो.

आकडे यायच्या आधीच माझा कौल चाकणच्या बाजूने होता. गाडी उभ्या उभ्या कलंडते तेव्हा काय होतं ते एकदा जवळून बघा. सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये स्टँड नीट बसला नाही आणि गाडी डाव्या अंगावर पडली, असं धरा. उघड्या अंगाच्या स्पीड ४०० चं काय जाईल? क्लचची लिव्हर वाकेल, आरसा फुटेल, इंडिकेटर तुटेल, हँडलच्या टोकाला ओरखडा येईल. लिव्हर आणि आरसा शनिवारी सकाळी घरीच बदलून होतो. आता तीच पडझड आरएसची. तिच्या अंगावर रेसच्या गाडीसारखं फेअरिंग, म्हणजे रंगवलेल्या प्लास्टिकचं आवरण. त्याला आतून बारीक कान असतात, त्यांनीच ते चौकटीला अडकतं. पडल्यावर बाहेर दिसतो ओरखडा, आत मात्र कान तुटलेले असतात. कान तुटला की अख्खा पॅनल बदलायचा, आणि बदललेल्याचा रंग शेजारच्या पॅनलशी जुळलाही पाहिजे. असे दोन-तीन पॅनल आणि मजुरी मिळून बिल इतकं चढतं की चार-पाच वर्षं जुनी गाडी इंजिन ठणठणीत असताना टोटल ठरते. कोलिजनचा, म्हणजे टकरीत किंवा पडझडीत आपल्याच गाडीचं नुकसान भरणाऱ्या कव्हरचा, हप्ता या बिलांवर उभा असतो.

म्हणून सल्ला सरळ देतो. बदली गाडी उघड्या अंगाची किंवा बसक्या क्रूझरच्या घाटाची घ्या. होंडा रिबेल ५००, सुझुकी एसव्ही ६५०, आयएनटी ६५०, स्पीड ४०० यांतली कुठलीही चालेल. एन्फिल्ड घेणार असाल तर सर्व्हिस सेंटर घरापासून किती मैलांवर आहे ते आधी मोजा. बुलेटच्या आठवणींवर गाडी घेतली आणि एका सुट्या भागासाठी महिनाभर गॅरेजमध्ये उभी ठेवली, असं व्हायला नको. एबीएस नसलेली गाडी कितीही स्वस्तात मिळाली तरी सोडून द्या. आयआयएचएसच्याच अभ्यासात एबीएस असलेल्या मोटरसायकलींचे जीवघेणे अपघात २२ टक्क्यांनी कमी आढळले. जुनी रिबेल बघत असाल तर खास लक्ष द्या, कारण तिच्यात बरीच वर्षं एबीएस हा पैसे देऊन घ्यायचा पर्याय होता. सॅल्व्हेज टायटलच्या, म्हणजे एकदा टोटल ठरलेल्या, गाडीकडे वळूही नका. ती हजार डॉलरने स्वस्त दिसते, पण पुष्कळ कंपन्या तिला पूर्ण विमा देत नाहीत.

होंडाच्या नावावर आणखी एक नोंद आहे. अमेरिकेत सर्वाधिक चोरीला जाणाऱ्या मोटरसायकली होंडाच्या, आणि राज्यांत कॅलिफोर्निया पुढे. तिथे अपार्टमेंटच्या उघड्या कारपोर्टमध्ये गाडी लावत असाल तर कॉम्प्रिहेन्सिव्ह घ्याच. फक्त दुसऱ्याचं नुकसान भरणाऱ्या लायबिलिटीत चोरी बसत नाही.

आता मुख्य गोष्ट. हप्ता कमी करायचा म्हटलं की आपले लोक कव्हर कापतात आणि ‘थर्ड पार्टी आहे ना, पुरे’ म्हणतात. भारतात ते काही अंशी खरं होतं. तिथे समोरच्या माणसाच्या मृत्यूची किंवा इजेची भरपाई थर्ड पार्टीत अमर्याद असते. अमेरिकेत तिला कुंपण आहे. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून किमान मर्यादा एका जखमीला ३० हजार डॉलर, एका अपघाताला ६० हजार आणि मालमत्तेच्या नुकसानाला १५ हजार. त्याआधी १९६७ पासून त्या १५, ३० आणि ५ हजारांवरच होत्या. इस्पितळाचं बिल ३० हजार ओलांडायला इथे दोन दिवस पुरतात. त्यापुढची रक्कम तुमच्या खिशातून, तुमच्या घरावर टाच आणून वसूल होऊ शकते. घराबरोबर अंब्रेला पॉलिसी, म्हणजे नेहमीच्या मर्यादेपलीकडचं जादा लायबिलिटी कव्हर, घेतली असेल तर तिच्यात मोटरसायकल नोंदवली आहे का, तेही विचारा. काही अंब्रेलांमधून ती चक्क वगळलेली असते.

हे झालं दुसऱ्याच्या इजेचं. तुमच्या स्वतःच्या इजेचं काय? न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कमध्ये मोटारवाल्याला चूक कुणाचीही असो, उपचाराचा खर्च नो-फॉल्ट विम्यातून मिळतो. मोटरसायकलवाला त्यातून वगळलेला आहे. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहणाऱ्या किती जणांना हे माहीत आहे? १९८१ मध्ये हॅरी हर्ट यांच्या पथकाने लॉस एंजेलिस भागातल्या ९०० अपघातांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यातले तीन चतुर्थांश दुसऱ्या वाहनाशी झालेल्या टकरीचे होते, आणि अशा टकरींपैकी दोन तृतीयांशांत समोरच्या चालकाने मोटरसायकलवाल्याचा मार्गहक्क मोडला होता. नेहमीचा प्रकार म्हणजे चौकात डावीकडे वळणारी मोटार आणि ‘मला तो दिसलाच नाही’ हा जबाब. अमेरिकेत सातातल्या साधारण एका चालकाकडे विमाच नसतो. डावीकडे वळणारा नेमका तो निघाला, तर तुमच्या मोडलेल्या पायाचं बिल भरणारी मुख्य गोष्ट तुमच्या पॉलिसीत असते, अनइन्शुअर्ड मोटरिस्ट कव्हर. २०२३ मध्ये अमेरिकेत ६,३३५ मोटरसायकलस्वार गेले. हे सगळं वाचून कुणी गाडी विकू नये, पण हे कव्हर न घेता चालवूही नये.

उघड्या अंगाच्या साध्या गाडीवर हप्त्याचे जे पैसे वाचतील ते या कव्हरवर घाला. हप्ता आणखी उतरवायचा असेल तर एमएसएफ या मोटरसायकल-सुरक्षा संस्थेचा बेसिक रायडर कोर्स करा, कारण बऱ्याच कंपन्या त्यावर सूट देतात. कॅलिफोर्नियात एकवीस वर्षांवरच्यांना राज्याने मान्य केलेल्या कोर्सने डीएमव्हीची, म्हणजे लायसन्स खात्याची, चालवण्याची परीक्षाही माफ होते. डिडक्टिबल, म्हणजे दाव्यात आधी आपण भरायची रक्कम, झेपेल तितकं वाढवा. गाडी रोखीने घेतली असेल आणि तिची किंमतच दोन-तीन हजार असेल, तर कोलिजन काढून टाका. शिकागो-डेट्रॉइटकडच्यांनी हिवाळ्यात पॉलिसी बंद करू नये, ले-अपची, म्हणजे गाडी उभी असेपर्यंत कव्हर कमी ठेवण्याची, सोय मागावी. विमा मध्येच तुटला की पुढच्या वर्षी हप्ता चढतो, आणि गॅरेजमधून गाडी चोरीला गेली तर हात हलवत बसावं लागतं.

भाच्याने आकडे कळवले. तिन्ही कंपन्यांत चाकणची स्वस्त निघाली आणि त्याने तीच ठरवली. मग मी त्याच्याकडून जुन्या पॉलिसीचं डेक्लरेशन पेज मागवलं. लायबिलिटीची मर्यादा बरी होती. खालच्या ओळीत अनइन्शुअर्ड मोटरिस्टपुढे कायद्याला लागतो तेवढा किमान आकडा. “ही ओळ कधी वाचली होतीस?” तो गप्प.

तुमच्या पॉलिसीचं ते पहिलं पान आज काढा आणि अनइन्शुअर्ड मोटरिस्टची ओळ वाचा. कॅलिफोर्नियात हे कव्हर लेखी नाकारता येतं, त्यामुळे तिथे ‘रिजेक्टेड’ असंही लिहिलेलं सापडेल. तसं असेल किंवा आकडा किमान असेल, तर नूतनीकरणाच्या तारखेची वाट पाहू नका. ही मर्यादा पॉलिसी चालू असतानाही वाढवता येते. कंपनीला एक फोन लागतो.