पूल-व्ह्यू नको, रूळ-व्ह्यू द्या

संमेलन शनिवारी सकाळी दहाला. काका शुक्रवारी बाराच्या ठोक्याला लोधिवलीच्या हॉटेलात हजर. खोली दोनशिवाय मिळत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक असतं, म्हणून तर ते बाराला येतात. मधल्या दोन तासांत हॉटेल बघून होतं.

मॉडेल रेल्वेचा नाद असलेल्या प्रत्येक टोळक्यात असा एक काका असतोच. बँकेतून नाहीतर कारखान्यातून निवृत्त, खिशात मोजपट्टी, आणि पाठीवरच्या सॅकमध्ये बनियनच्या घडीत गुंडाळलेलं इंजिन. अकराच्या मुहूर्ताला हे आठलाच बूट घालून बसले की घरातून आवाज येतो, "अहो, आपण लग्नाला चाललोय, मांडव घालायला नाही!" काका हलत नाहीत. गाडी फलाटाला लागण्याआधी माणूस फलाटाला लागलेला असावा, या मतावर त्यांनी उभा संसार काढला.

अशा हौशी मंडळींची जमवाजमव कुठे करायची, याचा वाद मुंबईकर आणि पुणेकर महिनाभर घालतात आणि शेवटी जुन्या महामार्गावरच्या खालापूर पट्ट्यातलं एखादं हॉटेल ठरतं. दोघांनाही सारखंच गैरसोयीचं. बाकीचे गाडी हाणत द्रुतगती मार्गाने येतात. काका येणार कर्जतमार्गेच. नकाशात चौक स्टेशन जवळ आहे, पण तिथे प्रवासी गाड्या मोजक्याच. आणि असत्या तरी काका कर्जतलाच उतरले असते. कारण पुण्याकडे जाणारी बहुतेक प्रत्येक लांब पल्ल्याची गाडी तिथे थांबते आणि तिच्या शेपटाला बँकर, म्हणजे ढकलणारी इंजिनं, लागतात. बोर घाटात सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर चढायचं असतं. ते ओझं एकट्या पुढच्या इंजिनाला झेपत नाही. मागून रेटा लागतो. १८६३मध्ये घाटातून गाड्या धावू लागल्या, तेव्हापासून रेल्वेने या चढाशी नाना खटपटी केल्या. खंडाळ्याजवळ गाडीची दिशाच उलटवणारं रिव्हर्सिंग स्टेशन होतं, ते १९२९मध्ये बंद झालं. काकांचा जन्म त्यानंतरचा, पण स्टेशन बंद केल्याचा राग ताजा आहे. तसाच राग 'वंदे भारत'वर. फेब्रुवारी २०२३मध्ये सोलापूरची वंदे भारत सुरू झाली, ती बँकर न लावताच घाट चढते. "मागून ढकलायला कोणी नाही, ही काय गाडी!"

तर काका रिसेप्शनवर पोचतात.

"खिडकीतून रूळ दिसतील अशी खोली आहे?"

"सर, इथून रेल्वे नाही दिसत. पण पूल-व्ह्यू आहे."

काकांचा चेहरा उजळतो. "कोणता पूल? दगडी कमानीचा की लोखंडी गर्डरचा?"

"काका, स्विमिंग पूल."

इथून पुढे मुक्काम संपेपर्यंत ते 'सर' राहत नाहीत, काकाच होतात. सामान काउंटरमागे ठेवून ते पाहणीला निघतात. सुरुवात दारातल्या उतारापासून. व्हीलचेअरसाठी केलेल्या त्या उतारावर मोजपट्टी आडवी-उभी फिरते. "एकास बारा! बोर घाट एकास सदतीस. नेरळ–माथेरान एकास वीस, तेही दोन फुटी गेजवर. इथे तर बँकर लावूनही जमायचं नाही." तेवढ्यात एक पोरगा सामानाची ट्रॉली मागून ढकलत तोच उतार चढून जातो. काका त्याच्याकडे आदराने बघत राहतात.

मग पहिल्या मजल्यावरचा कॉरिडॉर. काका तो पावलांनी मोजतात: चाळीस मीटर. आता गणित. एचओ म्हणजे मूळ वस्तूच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याचं मॉडेल. जगात सर्वांत जास्त चालणारं माप हेच. कर्जत ते लोणावळा २८ किलोमीटर. भागिले सत्त्याऐंशी, की सव्वातीनशे मीटरला थोडे कमी. चाळीस मीटरांत आपण जेमतेम पळसदरी ओलांडू. ठाकूरवाडी, नागनाथ, मंकी हिल यांच्यासाठी शेजारच्या रिसॉर्टशी बोलावं लागेल. पण स्वयंपाकघरामागचा अंधारा बोळ भरतो बरोबर तीस मीटर, आणि पनवेल–कर्जत नव्या लोकल मार्गावरचा वावर्ल्याचा बोगदा आहे सुमारे २.६ किलोमीटर. भागाकार जुळतो! हा आनंद वाटून घ्यायला बोळात फक्त कांदे सोलणारा एक मुलगा असतो. काका त्याला वाटून देतात.

खोलीच्या दारामागे आग लागल्यास बाहेर कसं पडावं याचा नकाशा चिकटवलेला असतो. तो उभ्या आयुष्यात कोणी वाचत नाही. काका चष्मा कपाळावर सरकवून, नाक काचेला टेकवून वाचतात आणि त्यात दोन लूप, एक सायडिंग आणि एक चुकीचा सांधा शोधून काढतात.

खरी तपासणी हॉलची. संमेलनाची मांडणी एकसंध नसते. प्रत्येकजण घरून आपला तुकडा आणतो, ते टेबलांवर ठेवून रूळ जोडायचे असतात. हॉलमधला गालिचा आयोजकांना शोभेचा वाटतो. काकांना तो शत्रू वाटतो, कारण त्यात टेबलाचे पाय कमी-जास्त रुततात आणि जोडावर दोन मिलिमीटरांची पायरी पडली की पहिलाच डबा घसरतो. काका गुडघे टेकतात, खिशातून बोटभर लांबीची पाणसळ काढतात आणि बुडबुडा मध्ये येईपर्यंत पायाखाली हॉटेलचे बियरचे कोस्टर सारतात. मॅनेजर विचारतो, "काही हरवलंय का?" काका मान वर न करता म्हणतात, "लेव्हल."

संध्याकाळी दुसरा एक काका येतो, कारण लवकर येण्यातही चुरस आहे. मग सूपवर तोच जुना वाद. एचओच्या बाजारी रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर, कारण ते युरोप-अमेरिकेच्या १,४३५ मिलिमीटरच्या रुळांवरून काढलंय. आपला ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचा. त्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याला सव्वाएकोणीस हवेत. म्हणजे आपली डेक्कन क्वीन हे लोक परदेशी चाकांवर चालवतात! एक पक्ष म्हणतो, पावणेतीन मिलिमीटर कोण बघतो? दुसरा म्हणतो, मी बघतो. या पावणेतीन मिलिमीटरांपायी लोकांनी व्याही तोडले नसतील, पण व्हॉट्सअॅपचे ग्रुप नक्की सोडलेत. वेटर तीनदा विचारून जातो, मेन कोर्स आणू का?

मॉडेल रेल्वेचा नाद काकांपुरताच नाही. पुण्याच्या भाऊसाहेब जोशी यांनी तो एवढा वाढवला की १९९८च्या १ एप्रिलला कोथरूडात त्याचं संग्रहालय उघडलं, आणि तारीख बघूनही लोक गेले. तिथल्या छोट्या गाड्यांपुढे पोरं जितकी रमतात त्याहून बाप जास्त. अमेरिकेत तर १९३५मध्ये मिलवॉकीला या छंदाची राष्ट्रीय संघटनाच स्थापन झाली आणि तिची अधिवेशनं हॉटेलांतच भरतात. तिथेही आदल्या दिवशी मोजपट्टी घेऊन हिंडणारा कोणी नसेल, यावर विश्वास बसणं अवघड आहे.

शनिवारी नऊला मंडळी यायला लागते, तेव्हा रिसेप्शनवरची मुलगी सगळ्यांना काकांकडेच पाठवते. स्वच्छतागृह कुठे, जनरेटर किती क्षमतेचा, लिफ्टमध्ये सहा फुटी तुकडा तिरका मावतो का, सगळं त्यांना माहीत. हॉलच्या डाव्या भिंतीवरच्या सॉकेटवर त्यांनी कागदही चिकटवलाय: 'येथे कॉफी मशीन लावू नये.' आजकाल बऱ्याच इंजिनांच्या पोटात डिकोडर असतो आणि रुळांतूनच त्याला हुकूम जातात. वीज क्षणभर गेली की सगळ्या गाड्या जागच्या जागी.

सव्वाअकराला प्रमुख पाहुण्यांची वाट बघता बघता सचिवांना कॉफीची तल्लफ येते. कागद पांढरा, भिंत पांढरी. खटका पडतो, हॉलभर अंधार, अकरा गाड्या उभ्या. "काका कुठायत?" सगळीकडे शोध. कोणीतरी फोन लावतं.

"आधी कॉफीचं मशीन काढा," पलीकडून ओरडून उत्तर येतं. "मग जिन्याखालच्या डब्यातला डावीकडून चौथा खटका वर करा. पाहुणे यायला अजून तासभर आहे, म्हणून मी जरा कर्जतला आलोय. वडा खातोय. थांबा, थांबा, ठेवू नका, मागे बँकर लागतायत, आवाज ऐका!"